‘एका केबलसाठी तीन तास आणि ११,८०० रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार बघून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आमचा टेक्निशियन चाळीस मिनिटं उशिरा आला आणि वाटेतून त्याने फोनही केला नाही, याबद्दल मनापासून माफी. घोडबंदर रोडला ट्रॅफिक होतं हे खरं, पण फोन करायला ट्रॅफिक आडवं येत नाही, हे त्याला सांगितलंय.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, “प्रोजेक्टरचं चित्र मधूनच दोन-तीन सेकंद गायब व्हायचं. केबल खराब आहे हे मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. तरी तीन तास नुसती काढ-घाल केली, त्यातला बराच वेळ जमिनीवर केबल पसरून बसले होते. पाच मिनिटांचं काम.” नवीन गिऱ्हाईक फोन करायच्या आधी हेच वाचतं सर. त्यामुळे त्या तीन तासांचा हिशेब इथेच द्यावा लागतोय.

चित्र कायमचं बंद असेल तर ते खरंच पाच मिनिटांचं काम. केबल बदलली, चित्र आलं, निघालो. तुमचं चित्र जात होतं आणि आपोआप परत येत होतं, दर पंधरा मिनिटांनी एकदा, असं तुम्हीच सांगितलंत. असा बिघाड डॉक्टरच्या दारात थांबणाऱ्या दुखण्यासारखा असतो. एखादी वस्तू बदलल्यावर पंधरा मिनिटं चित्र गेलं नाही म्हणून ‘झालं काम’ म्हणता येत नाही. सरासरी पंधरा मिनिटांनी, पण केव्हाही येणारा बिघाड पुढची पंधरा मिनिटं निव्वळ नशिबाने आला नाही, याची शक्यता तीनात एकाहून जास्त असते. पाऊण तास थांबलं तर ती वीसात एक इतकी खाली येते. म्हणून प्रत्येक चाचणी पाऊण तासाची. तुमच्याकडे अशा तीन करायला लागल्या, म्हणजे सव्वादोन तास. उरलेल्या पाऊण तासात दोन छोट्या चाचण्या झाल्या, केबल ओढली, फॉल्स सीलिंगचं झाकण बसवलं, सेटिंग केलं. यात आमचा टेक्निशियन पोरगा मोबाईल बघत बसलेला दिसला असेल, पण तो पडद्यावर नजर ठेवून थांबला होता. थांबणं हेच काम होतं.

आता केबलचं. चित्र जायचं तेव्हा स्पीकरचा आवाज चालूच होता. म्हणजे सिनेमा पाठवणाऱ्या बॉक्सपासून रिसीव्हरपर्यंत (आवाज स्पीकरला आणि चित्र पुढे प्रोजेक्टरला देणारं यंत्र) सगळं ठीक, गडबड रिसीव्हरच्या पुढे. (आवाजही गेला असता तर मात्र काहीच सिद्ध झालं नसतं. पुढची लिंक तुटली की काही रिसीव्हर मागच्या बॉक्सशीही नव्याने हँडशेक, म्हणजे आपसात जुळवणी, करतात, आणि मग आवाजही जातो.) पण पुढे एकटी केबल नाही. रिसीव्हरचं आउटपुट पोर्ट आहे, त्याच्या एचडीएमआय (चित्र-आवाजाच्या जोडणीच्या) बोर्डाची उष्णता आहे, प्रोजेक्टरचं इनपुट आहे. तुमचा रिसीव्हर बंद कपाटात, वर जेमतेम चार बोटं जागा. दुसऱ्या आउटपुटवर लावून बघितलं, चित्र गेलं. कपाटाचं दार उघडून पंखा मारला, तरी गेलं. हे दोन्ही लवकर निकाली निघाले, कारण बिघाड दिसायला वेळ लागत नाही. तो गेलाय हे कळायला लागतो.

पहिला पाऊण तास शिडीवर गेला. बॉक्स प्रोजेक्टरजवळ नेऊन २ मीटरच्या केबलने थेट जोडला, चित्र एकदाही गेलं नाही. प्रोजेक्टर आणि बॉक्स सुटले. दुसरा पाऊण तास तुमच्याच जुन्या केबलवर, बॉक्स १०८०पीवर, म्हणजे साध्या एचडी चित्रावर, आणून. तेव्हाही स्वच्छ. म्हणजे तार तुटलेली नाही, पिन सैल नाही. केबलला जास्तीचा भार झेपत नव्हता, एवढंच.

तुमचा मुख्य आक्षेप हाच दिसतो, की दीड वर्ष हीच केबल नीट चालली, मग आताच कशी खराब झाली? खराब झालीच नाही. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेमला साडेचार जीबीपीएसच्या (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) आत लागतात. फोरके (१०८०पीच्या चौपट ठिपक्यांचा) सिनेमा २४ फ्रेमने एचडीआरमध्ये (उजेड-रंग जास्त खुलवणाऱ्या प्रकारात) पाठवला तर सेटिंगप्रमाणे नऊ ते अकरा. आणि फोरके, ६० फ्रेम, एचडीआर म्हटलं की जवळपास १८. जुना बॉक्स सिनेमा २४ फ्रेमनेच पाठवत होता. नवा बॉक्स कारखान्यातूनच ‘कायम फोरके ६० एचडीआर’ सेटिंगवर येतो, मेनूसुद्धा त्यातच. पोरग्याने दारातच विचारलं होतं, “हल्ली काही नवीन लावलंय का?” तुम्ही म्हणालात, काही नाही. बॉक्स गणपतीत बदलला, हे तिसऱ्या तासात वहिनींच्या बोलण्यात आलं. मी दोष देत नाही, बॉक्सचा आणि केबलचा संबंध लावायचं कुणाच्याही डोक्यात येणार नाही. पण पहिल्याच मिनिटाला कळलं असतं तर एक चाचणी वाचली असती, आणि ते रिव्ह्यूत कुठेच नाही.

तुमच्या केबलवर ‘८के ४८ जीबीपीएस’ छापलेलं आहे. छापायला काय लागतं. ती साधी तांब्याची, १५ मीटरची. तांब्याच्या साध्या केबलमधून १८ जीबीपीएस भरवशाने ५ मीटरपर्यंत, चांगली जाड असेल तर ७ मीटरपर्यंत जातात. त्यापुढे आधी काळ्या भागात पांढरे ठिपके चमकतात, मग चित्रच जातं. खरोखर तपासून पास झालेल्या केबलच्या खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ (१८ साठी) किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ साठी) असं मोबाईलने स्कॅन होणारं लेबल असतं. तुमच्या खोक्यावर नव्हतं. शिवाय इंटिरियरवाल्याच्या माणसाने प्रोजेक्टरची २३० व्होल्टची लाईन त्याच पाईपातून नेली आहे. हॉलमधला पंखा चालू केला की चित्र लुकलुकायचं, ते तुम्हालाच दाखवलं होतं. काठावर चालणाऱ्या केबलला तेवढा धक्काही पुरतो.

म्हणून ऑप्टिकल केबल, चित्र तांब्याऐवजी काचेतून नेणारी. तिचं ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरला आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं प्रोजेक्टरलाच लागतं. उलटी घातली तर चित्र येतच नाही, आणि ते भिंतीत ओढून झाल्यावर कळलं तर सगळं पुन्हा काढा. ओढताना कनेक्टर धरून ओढायची नाही, जुन्या केबलच्या शेपटाला दोरी बांधून, दोरी केबलच्या अंगाला गुंडाळून, दोघांनी दोन्हीकडून. तुमचा पाईप २५ मिमीचा आणि वळणं लांब, म्हणून निभावलं. २० मिमीचा असता तर कनेक्टरच गेला नसता. आणि नवी केबलसुद्धा खोक्यातून खराब निघू शकते, म्हणून आधी जमिनीवर पसरून पाऊण तास चालवली. तुम्ही जे ‘पसरून बसले होते’ लिहिलंय ते हे. ते न करता ओढली असती आणि रात्री परत चित्र गेलं असतं, तर हा रिव्ह्यू काय असता?

पैशांचं: केबल ७,५००, मजुरी २,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००. बिलात तिन्ही वेगळे आहेत. “सेटिंग बदलून फुकटात झालं असतं” हेही लिहिलंत. झालं असतं. एचडीआर बंद आणि रंगाची माहिती कमी (४:२:०, ८ बिट) केली की ६० फ्रेमचं फोरकेही नऊच्या आसपास बसतं. पोरग्याने तो पर्याय तुमच्यासमोर ठेवला होता. “मग एवढा महाग प्रोजेक्टर कशाला घेतला?” हे तुमचेच शब्द आहेत.

“अजूनही सिनेमा सुरू होताना पडदा एकदा काळा होतो” हा बिघाड नाही. आता केलेल्या सेटिंगमुळे बॉक्स सिनेमासाठी ६० वरून २४ फ्रेमवर जातो तेव्हा प्रोजेक्टर नव्याने जुळवून घेतो, त्याला दोन-तीन सेकंद लागतात. नको असेल तर बॉक्समधलं ‘मॅच फ्रेम रेट’ बंद करा. मग कॅमेरा आडवा फिरतो त्या दृश्यांत चित्र किंचित अडखळेल. माझं मत विचाराल तर चालूच ठेवा.

यापुढे अशा कामाला किती वेळ लागू शकतो ते फोनवरच सांगायचा प्रयत्न करू, बाकीचंही बघतो आहे.

एक राहिलंय. ऑप्टिकल केबलमध्ये चित्र काचेतून जातं, पण हँडशेकच्या तारा बहुतेक वेळा तांब्याच्याच असतात, त्यामुळे विजेची लाईन त्या पाईपातून निघाली पाहिजे. सुरक्षिततेसाठीही ती तिथे नकोच. इलेक्ट्रिशियन तुमचा असला तरी चालेल, फक्त त्याला एकट्याला ओढू देऊ नका, ऑप्टिकल केबल घट्ट दुमडली की संपली. आदल्या दिवशी दुकानात फोन करा, आमचा माणूस येऊन उभा राहील, त्याचे पैसे लागणार नाहीत. जुनी केबल कपाटाच्या खालच्या कप्प्यात गुंडाळून ठेवली आहे. १०८०पीच्या सेट-टॉप बॉक्सला ती उत्तम चालेल, टाकून देऊ नका.