एंगेजमेंट लेटर आणि शिरोड्याच्या गोदामाचे जादा बिल: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीच्या आम्ही केलेल्या ऑडिटविषयी आपण जाहीर अभिप्राय लिहिला आहे. त्यात आपल्या तीन तक्रारी आहेत: आमचे चार पानी एंगेजमेंट लेटर, म्हणजे ऑडिटच्या अटी ठरवणारे पत्र, ही अंग काढून घेण्याची सोय आहे, कंपनीचे हिशेब आम्ही लिहून दिले नाहीत, आणि शिरोड्याच्या नव्या गोदामासाठी न विचारता अठरा हजारांचे जादा बिल लावले. अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे सनदी लेखापाल अधिनियम, 1949 नुसार गैरवर्तन ठरते, म्हणून आपण स्वतः जे जाहीर लिहिले आहे त्याच्या पलीकडे मी जाणार नाही.

तिसरी तक्रार आधी घेतो, कारण ती खरी आहे. आपण अभिप्रायाला जोडलेल्या त्या पत्राच्या पानावर कारखाना आणि त्याला लागून असलेले एकच गोदाम धरून फी ठरलेली स्पष्ट दिसते. दरवर्षी नवे पत्र द्यावेच लागते असे नाही. मात्र जुने ऑडिट पुढे चालू राहते तेव्हा अटी बदलण्याची गरज आहे का, हे लेखापरीक्षकाने पाहावे, असे ऑडिटच्या अटी ठरवण्याविषयीचे एसए 210 हे लेखापरीक्षण मानक सांगते, आणि धंद्याचे स्वरूप किंवा आकार बराच बदलला असेल तर ती गरज उघडच असते. गोदामाचे आपण फेब्रुवारीतच कळवले होते. 31 मार्चला आमची दोन मुले तिथे दिवसभर काजू बीची पोती मोजत बसली, असे आपण काहीशा उपरोधाने लिहिले आहे. ते मोजणे मात्र आवश्यकच होते, कारण थप्पीची बाहेरची रांग मोजून नुसता गुणाकार केला तर आतली पोकळी मालात धरली जाते, आणि ती शोधायला कोणीतरी वर चढावेच लागते. चूक मोजण्यात नव्हती. मोजणीआधी एक पानी सुधारित पत्र पाठवून फी ठरवायची राहिली, ती चूक माझी. ते बिल रद्द केले आहे.

पत्राविषयी मात्र मी असहमत आहे. हिशेबपत्रके तयार करणे, चोरी आणि चुका रोखणारी अंतर्गत व्यवस्था ठेवणे, आणि मागितलेली कागदपत्रे व माणसे आम्हाला उपलब्ध करून देणे, ही जबाबदारी व्यवस्थापनाने मान्य केल्याशिवाय आम्हाला काम स्वीकारताच येत नाही. पण त्याच पत्रात आमचीही बाजू बांधलेली असते: चुकीने असो वा लबाडीने, हिशेबात मोठी गफलत राहिलेली नाही याची वाजवी खात्री करून घेणे आमच्याकडे, आणि कामाची व्याप्ती व फी ठरल्याप्रमाणे. ज्या कागदाला आपण पळवाट म्हणता, त्याचेच पान दाखवून आपण आम्हाला पकडले आहे.

हिशेब लिहून देण्याबद्दल एवढेच, की ज्या कंपनीचे ऑडिट करायचे तिचे हिशेब लिहिण्यास कंपनी अधिनियम, 2013 चे कलम 144 लेखापरीक्षकाला मनाई करते. हे पहिल्या भेटीतच तोंडी सांगायला हवे होते. चौथ्या पानावरच्या बारीक इंग्रजीत ते कोण वाचणार?

सुधारित पत्राचा मराठी मसुदा घेऊन मी शनिवारी कारखान्यावर येतो. गोदामाच्या फीचा रकाना कोरा ठेवला आहे. तो समोरासमोर बसून भरू.

आपला,
भागीदार, वेंगुर्ले कार्यालय