खोक्यावर एवढे तरी लिहा

जुन्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड बसवायला घेतले की दर वेळी तेच रडगाणे सुरू होते, आणि त्याचा मला आता मनस्वी वीट आला आहे. खोक्यावर मेमरीचा आकडा ठळक अक्षरांत असतो. पण कार्डाला प्रत्यक्षात किती पीसीआय एक्सप्रेस लेन, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, आहेत, ही जुन्या मशीनवाल्याच्या अत्यंत गरजेची माहिती शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. माझ्या कार्डाची कड सोळा लेनची दिसत होती, जोडलेल्या मात्र आठच होत्या. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड खोचायच्या जागेत, त्या आठांतून सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट माहिती जाते, तर माझ्या मदरबोर्डवरच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये तोच आकडा ८ वर येतो, आणि कार्डाची मेमरी भरून उरलेली माहिती याच वाटेने आणावी लागली की खेळ नेमका अटीतटीच्या क्षणी अडखळतो.

विजेचेही तसेच. स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात आणि बाकीची भूक केबलने भागवायची असते. कॅबिनेट उघडे टाकून, सहा पिनांचा एकुलता एक प्लग आठ पिनांच्या खाचेपाशी धरला आणि शेवटची दोन भोके रिकामी राहिलेली पाहिली, तेव्हा संताप अनावर झाला.

यावर विक्रेत्याचे उत्तर एकच, की नवा कॉम्प्युटरच घ्या. का घ्यावा? माझा प्रोसेसर अजूनही उत्तम चालतो.