नकाशात क्रूस नाही

आज वाडीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग होती. बिल्डरच्या माणसाने टेबलावर नकाशा पसरला. पार्किंग, दोन लिफ्ट, वर जिमसुद्धा. कोपऱ्यावरचा क्रूस तेवढा कुठे दिसेना. विचारलं, तर म्हणाला, "तो शिफ्ट करू ना, मॅडम." कुठे? "बघू." आणि पान उलटलं. वाडीतलं एक माणूस तोंड उघडेल तर शपथ!

माझी आजी सोवळ्यातली. रोज देवपूजा आटोपली की परडीतलं एक फूल बाजूला ठेवायची आणि दूध आणायला जाताना त्या क्रुसाच्या पायरीवर ठेवायची. मी एकदा विचारलं, "आजी, हा आपला देव आहे?" म्हणाली, "प्लेगात वाडी राखली त्याने. कुणाचा का असेना." १८९६ चा तो प्लेग. गिरगाव, माझगाव, वांद्र्यात कितीतरी क्रूस त्या धास्तीतच उभे राहिले. आपल्याच पणज्या-खापरपणज्यांनी बघितलंय ते.

"शिफ्ट करू" हे काही नवीन नाही म्हणा. मुंबईच्या किल्ल्यासमोर मैदान मोकळं हवं म्हणून इंग्रजांनी एस्पेरान्साचं चर्च पाडलं. ते भुलेश्वरला गेलं, आणि आज भुलेश्वरलाही नाही. माझगावचं ग्लोरिया १६३२ चं. तेही पाडलं, आणि १९१३ मध्ये भायखळ्याला नवीन उभं राहिलं. मरोळचं १५७९ चं चर्च आज सीप्झच्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात-उद्योग वसाहतीच्या, कुंपणाआत पडकं उभं आहे. आपल्याच गावच्या चर्चमध्ये प्रार्थना करायला लोकांनी परवानगी काढून आत जायचं!

दादरला 'पोर्तुगीज चर्च'चा स्टॉप आपण रोज म्हणतो. मूळ चर्च १५९६ चं, पण आता तिथे उभं आहे ते आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सत्तरच्या दशकात बांधलेलं. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण जुनं कसं दिसायचं हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं? मीही नाही विचारलं.

हो, चाळ पडायला आलीय. आमच्या मोरीला टेकू आहे, मलाही नवं घर हवंय. पण साडेतीन फुटांचा एक क्रूस राखायला किती जागा लागते हो? एका स्कूटरची! आणि "ख्रिश्चन कुटुंबं तर गेली ना वाडीतून" असं कुणी मला ऐकवू नये. आजी कुठे ख्रिश्चन होती?

मीटिंग संपवून तणतणत खाली उतरले. पायरीवर पिवळ्या शेवंतीचं एक फूल होतं, ताजं. आजीला जाऊन अठरा वर्षं झाली. मी ठेवलेलं नाही, आमच्या घरातल्या कुणीच नाही. मग कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.

वाडीतल्या कुणाला माहीत असेल ते कोण ठेवतं, तर कृपा करून सांगा. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे, मला त्या माणसाला सोबत न्यायचंय.