बरगड्या हाताला लागणं म्हणजे उपासमार नव्हे

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्र्यांबद्दल मेसेज फिरतोय: ‘लॅब्रॅडॉर ४० किलोचा हवाच. बरगड्या हाताला लागत असतील तर खाणं वाढवा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

प्रौढ लॅब्रॅडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोचा असतो, मादी २५ ते ३२ किलोची. पण काट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. छातीच्या बाजूंवरून तळवा हलकेच फिरवा. बरगड्या न दाबता लागायलाच हव्यात. वरून पाहिल्यावर कंबर दिसावी, बाजूने पाहिल्यावर पोट मागे वर गेलेलं असावं. दाबूनही बरगडी सापडत नसेल तर वजन जास्त आहे. लांबूनच बरगड्या आणि मणके दिसत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, आपल्याच भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणारे लॅब्रॅडॉर जवळपास दोन वर्षं जास्त जगले.

पण म्हणून कुत्र्याला उपास घडवू नका. जेवण मोजून द्या, आणि चहाबरोबरचं बिस्किट, पोळीचा तुकडा हेही त्यातच धरा. असं वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये. तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.