मातामायच्या पारावर टाइल्स बसवण्याआधी

नागपूरहून रामटेक, उमरेड किंवा भंडाऱ्याकडे निघालं की गावाच्या वेशीवर दोन गोष्टी हमखास दिसतात. कडुनिंबाखाली शेंदूर फासलेली मातामाय, म्हणजे गावदेवी, आणि उन्हाळ्यात अर्धी आटलेली बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं. हल्ली दोघींच्या मागे सुशोभीकरण लागलंय. स्पष्टच सांगतो, निधी आला नसता तर दोघी बऱ्या राहिल्या असत्या.

पार बांधताना सिमेंट थेट खोडाला भिडवतात, वर चकचकीत टाइल्स. मुळांचं पाणी बंद, हवा बंद. काही उन्हाळ्यांत शेंडा वाळतो आणि वादळात फांदी नेमकी देवावरच येते. खोडाभोवती निदान चार फूट मातीचं आळं सोडा, बाहेर दगड कोरडेच रचा. फांद्यांना चिंध्या बांधतात त्या चिंधीदेवीच्या झाडाचं दुखणं वेगळं. सुती चिंधी कुजून आपोआप गळायची, नायलॉनची पट्टी मात्र फांदी जाड होत गेली तरी सुटत नाही, सालीत रुतून बसते. वर्षातून एकदा जुन्या गाठी कापल्या तर देवी काही कोपत नाही!

शेंदूर मात्र खरवडू नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तेलात कालवून थरावर थर चढवलेला. उन्हात तो तडकतो, पोपडे सुटतात. गळलेले पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत. तारेच्या ब्रशने घासलं की भुकटी आधी नाकात जाते आणि उरलेली बोडीच्या पाण्यात, जे गुरं पितात.

बोडीचं म्हणाल तर मे महिन्यात उघडा पडणारा तो उथळ काठ फार मोलाचा. बगळे तिथेच उभे राहतात, म्हशी तिथूनच उतरतात, पोरं तिथल्याच चिखलात मासे चाचपतात. उभी सिमेंटची भिंत घातली की हे सगळं संपतं, शिवाय शिवारातून येणारं पाणीही अडतं.

गाळ जरूर काढा, पण गाळच. जेसीबीची बकेट खालचा चिकणमातीचा थर फोडून मुरमाला लागली की तळ गळू लागतो. ‘खोल केली तरी पाणी टिकत नाही’ हे गाऱ्हाणं बहुतेक वेळा इथलंच. पाळीच्या, म्हणजे बोडीच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी तर खोदूच नये. निघालेला गाळ बरड जमिनीत पसरा. भारी काळ्या जमिनीत टाकला तर उलट पाणी साचतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं तिथेच, सेल्फी पॉइंट. तिथली वाट अडली की पाणी पाळीवरून जातं आणि मातीची पाळ ते सोसत नाही. तलाव ओसंडला की काय होतं, हे नागपूरच्या अंबाझरी तलावाने २३ सप्टेंबर २०२३ ला अख्ख्या शहराला दाखवलंय, तरी गावोगावचे नकाशे तसेच निघताहेत.

बाकडी, दिवे हवे तेवढे लावा, फक्त सांडवा आणि उतार सोडून. मातीकाम जूनच्या पहिल्या आठवड्याआत उरका. भिजलेल्या पाळीवर जेसीबी चढला की चाकोऱ्या पडतात, आणि पुढचा पाऊस तिथूनच माती कापत नेतो.