पोराचं तोंड बंद ठेवायचं असेल तर

पोरगं फार उलट बोलतं म्हणता? सुगंधी सुपारी द्या. रोज चघळून गाल आतून ताठरतात, जबडा आखडतो, बोलणं आपोआप कमी. आमच्या सोळा वर्षांच्या भाच्याला चवथीची नेवरी, म्हणजे करंजी, मोडून भरवावी लागली. दंतवैद्यांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. गेली दीड.

‘तंबाखू नाही ना, नुसती सुपारी’ हे वाक्य पाठ करा. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे सांगणाऱ्यांना आपल्या बागायतींचं वैर असतं.

तोंडातला व्रण दोन आठवडे भरला नाही, तर ‘उष्णता’ म्हणा आणि कोकम सरबत पाजा.

दुकान शाळेजवळचंच निवडा. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे, पण डिचोलीकडे यार्ड लहान असतात. गुटखा गोव्यात २००५पासून बंद. म्हणून पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. मिसळायचं काम पोरांचं. मी रिकाम्या पुड्या घेऊन गाड्यावर गेले. “ताई, मी मोठ्यांनाच देतो,” तो म्हणाला. तेवढ्यात गणवेशातल्या एका पोराने दहाची नोट ठेवली. ह्याने मान वर न करता पुड्या सरकवल्या, वर त्यालाच म्हणतो, “सांग रे ताईंना, बाबांसाठी आहे.” पंचांकडे गेले, तर “गरिबाच्या पोटावर पाय कशाला?” अहो, पोराच्या हातात तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, २०१५च्या बाल न्याय कायद्यात! सात महिने सोडा, सात मिनिटं तरी त्याचा गाडा बंद करून दाखवा!

पुरे झाला हा उपरोध. मुलांना तोंडाचा कॅन्सर क्वचितच होतो, म्हणून निवांत बसलात? पोरपणी आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही, आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो तो अशाच तोंडात. तेव्हा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रांगेत उभे राहून कुणाला दोष देणार?

गाडेवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. भाच्याला आठवीपासून त्या गाड्यावर पाठवलं कोणी? “माझी पुडी आण, सुटे तुला,” असं म्हणणारे आमचे भावोजी परवा दवाखान्याच्या बाकावर डोकं धरून बसले होते. शर्टाच्या खिशातून पुडीचं टोक दिसत होतं.

भावोजी, ती आधी फेका. आणि त्याच्यासमोर फेका.