राष्ट्रीय शिक्षण दिन उरकण्याची सोपी पद्धत

११ नोव्हेंबर जवळ आला की शाळेत कुजबुज सुरू होते, "परिपत्रक आलंय, कुणाची तरी जयंती आहे." घाबरू नका. मौलाना आझादांची ही जयंती २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन आहे आणि तो पंधरा मिनिटांत, एकही पुस्तक न उघडता उरकता येतो.

सुरुवात फोटोपासून. मोबाइलवर 'आझाद' एवढंच टाका आणि जो पहिला येईल तो छापा. परवा एका शाळेच्या फलकावर 'मौलाना अबुल कलाम आझाद यांना विनम्र अभिवादन' असं लिहून वर उघड्या अंगाचे, जानवं घातलेले, मिशीला पीळ देणारे चंद्रशेखर आझाद झळकत होते. हार घालणाऱ्याला खटकलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नाही. आडनाव जुळतंय ना! (दोघांचंही ते आडनाव नव्हे, पण एवढ्या खोलात कोण जातं?) 'कलाम' टाकलंत तर अब्दुल कलाम येतील. तेही चालतील.

दिवाळीची सुट्टी आड आली तर बालदिनाच्या हारातच भागवा.

भाषणात जन्म १८८८, मक्का. 'मक्का' म्हणताना आवाज जरा खाली. लगेच 'कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिक्षण' असं ठोकून द्या. खोटं आहे, पण भारदस्त वाटतं. खरं तर ते कुठल्याच शाळा-कॉलेजात गेले नाहीत. वडील मौलाना खैरुद्दीन आणि घरी येणारे शिक्षक यांनी त्यांना कलकत्त्यात शिकवलं. इंग्रजी ते पुढे स्वतःच शिकले. पण शाळेची पायरी न चढलेला माणूस साडेदहा वर्षं देशाचा शिक्षणमंत्री होता, हे शाळेत सांगणं अडचणीचंच.

कामगिरी नेहमी अनेकवचनात सांगा : 'त्यांनी आयआयटी उभारल्या.' त्यांच्या हयातीत सुरू झाली ती एकच, १९५१ ची खरगपूरची. मुंबईच्या आयआयटीचे पहिले वर्ग जुलै १९५८ मध्ये भरले, मौलाना फेब्रुवारीतच गेले होते. यूजीसी, साहित्य अकादमी, ललित कला अकादमी ही नावं एका दमात म्हणा. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती हे मात्र गाळा, नाहीतर पोरांना कामाचा आवाका कळायचा.

ऐक्यावर एकच वाक्य : 'ते हिंदू-मुस्लिम ऐक्याचे पुरस्कर्ते होते.' इथंच थांबा. पुढे गेलात की १९२३ येतं. दिल्लीच्या खास अधिवेशनात पस्तिशीही न गाठलेला काँग्रेसचा अध्यक्ष सांगतो की, देवदूत कुतुबमिनारावर उतरून म्हणाला, ऐक्य सोडा आणि चोवीस तासांत स्वराज्य घ्या, तरी मी स्वराज्य सोडेन. ते लांबलं तर नुकसान हिंदुस्थानचं, ऐक्य गेलं तर साऱ्या माणुसकीचं. मग १९४० येतं. मार्चमध्ये काँग्रेसच्या रामगड अधिवेशनात हा माणूस मुसलमान असण्याचा आणि हिंदुस्थानी असण्याचा अभिमान एकाच भाषणात सांगतो, आणि त्याच आठवड्यात मुस्लिम लीग लाहोरला वेगळ्या मुस्लिम राष्ट्राच्या मागणीचा ठराव करते. जिना त्यांना काँग्रेसचा 'शो बॉय' म्हणतात. तिकडून 'हिंदूंचे हस्तक', इकडून 'शेवटी मुसलमानच'. दोन्हीकडून दगड, आणि आपल्या बाजूचे अजून संपलेले नाहीत : २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात संविधान सभेच्या समित्यांबद्दलच्या एका ओळीतून नेमकं त्यांचं नाव गळालं. नेहरू, पटेल, राजेंद्रप्रसाद, आंबेडकर तिथंच राहिले.

आणि ८ ऑगस्ट १९४२? मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला तेव्हा काँग्रेसचं अध्यक्षपद कुणाकडे होतं, विचारा एखाद्या दहावीच्या पोराला. नको, आधी इतिहासाच्या सरांनाच विचारा. दुसऱ्या पहाटे या अध्यक्षाला, म्हणजे मौलानांना, अटक आणि थेट नगरचा किल्ला, अडीच वर्षांहून जास्त. तिकडे कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम मरणपंथाला लागलेल्या. तुरुंगाधिकारी विचारतो, सरकारला काही कळवायचंय का? हे म्हणतात, काही नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. त्याच किल्ल्यात चिमण्यांवर आणि दूध न घातलेल्या चिनी चहावर त्यांनी पत्रं लिहिली, मित्राला धाडता न येणारी. तीच 'गुबार-ए-खातिर'. नेहरूंनी नगरला पुस्तक लिहिलं हे सगळ्यांना पाठ. त्याच भिंतींआड लिहिलेलं हे दुसरं कुणाच्या गावी नाही!

अहो, शाळा चालवता ना तुम्ही? देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्याचा चेहरा ओळखता येत नाही तुम्हाला, आणि शिक्षण दिन साजरा करता? असं किती काम आहे हे? उंच टोपी, टोकदार दाढी, शेरवानी, एवढं बघून फोटो निवडा. चिमण्यांचं पत्र मराठीत करून सहावीला सांगा, वीस मिनिटांत होतं. नगरकडचे असाल तर पोरांना किल्ल्यात न्या; तो लष्कराच्या ताब्यात आहे, आधी परवानगीचं विचारा.

आणि तो मिशीवाला फोटो फेकू नका. कपाटात नीट ठेवा, त्यांची जयंती २३ जुलैला असते.